अचानक चक्कर आणि उलट्या: पहिल्या तासात काय करायचं, कोणत्या क्रमाने

पहाटे कूस बदलली, खोली गरगर फिरली, भिंत धरून उठेपर्यंत उलटी झाली. घरच्यांचं निदान तयार असतं: पित्त झालं, बीपी वाढलं, नाहीतर रात्रीचं काहीतरी बाधलं. मग लिंबू सरबत, नाकाशी कांदा, बीपीची एक जादा गोळी, "झोपू दे जरा", आणि तीन-चार तासांनी दवाखाना. बऱ्याचदा हे निभावून जातं, कारण अशी चक्कर बहुतेकदा कानातल्या बिघाडाची असते आणि जिवावरची नसते. पण मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक, हृदयविकाराचा झटका, एकदम उतरलेली साखर, गिझरचा विषारी वायू यांची सुरुवातही अगदी अशीच होते. तेव्हा ते तीन-चार तास फार महागात पडतात.

लोकांचं चुकतं ते क्रमात. कारण आधी ठरवलं जातं, तपासलं नंतर जातं. खालचे टप्पे म्हणून त्याच क्रमाने घ्या. हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलाला चक्कर आणि उलट्या होत असतील तर घरी अंदाज बांधत बसू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

## आधीची तयारी

घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल, कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर एका डब्यात एवढं ठेवा: दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन (मनगटावरची मशीनं फार फसवतात), ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या, थर्मामीटर, ओआरएसची चार पाकिटं, टॉर्च, कागद-पेन. चालू औषधांची यादीही त्यातच असू द्या. ती लिहायचा कंटाळा येत असेल तर सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्सचे नाव दिसेल असे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. "बीपीची छोटी पांढरी गोळी" एवढ्या माहितीवर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

दुसरी तयारी रुग्णालयाची. आजच, सगळे धडधाकट असताना, जवळच्या दोन-तीन मोठ्या रुग्णालयांत फोन करून विचारा: रात्री दोन वाजता स्ट्रोकचा पेशंट आणला तर सीटी स्कॅन लगेच होतो का? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? ज्यांचं उत्तर "हो" येईल त्यांचं नाव आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. तालुक्याच्या गावी असाल तर हे उत्तर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणाहूनच मिळेल, म्हणून रस्त्याचा वेळही आताच धरून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८.

## टप्पा १: जागा बघा, मग माणसाला हात लावा

मदतीला धावण्याआधी एक नजर आजूबाजूला टाका. काही कारणं तिथेच समोर असतात आणि ती मदत करणाऱ्यालाही आडवं करतात.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू आहे का? खिडकी बंद, दार बंद आणि आत गॅस गिझर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साचायला पुरेशी व्यवस्था. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पाय लुळे पडतात आणि कडी उघडायचीही ताकद राहत नाही. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, मग १०८. थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी आणि घरात चालवलेला जनरेटर यांनीही हेच होतं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आधी बाहेर पडा, चर्चा नंतर.

> सावध: बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत ९८ दाखवत राहू शकतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. आकडा बघून निश्चिंत होऊ नका.

माणूस फवारणीवरून आलाय का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अशा विषबाधेची सुरुवात कित्येकदा चक्कर, मळमळ आणि घामानेच होते. सोबत तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, दम लागणं, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या तर शंका ठेवू नका. हातात रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून त्याचे कपडे काढा, अंग आणि केस साबणाने भरपूर पाण्यात धुवा, बाटलीच्या लेबलचा फोटो घ्या आणि निघा. उलटी मुद्दाम काढायची नाही. मिठाचं पाणी पाजायचं नाही.

जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी आणि चक्कर घेऊन उठला का? त्यात पापण्या जड होऊन उघडेनाशा झाल्या, बोलणं किंवा गिळणं अवघड झालं, तर मण्यारचा दंश धरून चाला. दंशाची खूण बहुधा सापडत नाही, ती शोधण्यात वेळ घालवू नका. सर्पविषावरची लस मिळेल अशा रुग्णालयात न्या.

उन्हातून आलाय का? एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हे आधी विचारा. अंग तापलेलं, ताप ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून पंखा लावा, १०८ बोलवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

## टप्पा २: पडू द्यायचं नाही, घशात जाऊ द्यायचं नाही

उभा असेल तर जिथे आहे तिथेच खाली बसवा. पलंगापर्यंत चालवत नेण्याचा आग्रह नको. खुब्याचं हाड मोडतं ते याच आठ-दहा पावलांत. बसता येत नसेल तर कुशीवर आडवं करा, वरचा गुडघा पुढे वाकवा, तोंड थोडं खाली झुकेल असं ठेवा. उताणं झोपवलेल्या माणसाला उलटी आली की ती श्वासनलिकेत जाते. माणूस गुंगीत असेल तर हा धोका फार मोठा.

माणूस शुद्धीत असेल तर दिवा मंद करा, आजूबाजूची बडबड थांबवा, आणि त्याला एका स्थिर गोष्टीकडे, दाराच्या कोपऱ्याकडे किंवा भिंतीवरच्या खिळ्याकडे, टक लावून बघायला सांगा. कानामुळे आलेली चक्कर एका बिंदूवर नजर रोखली की थोडी आवरते. डोकं हलवायचं नाही. "कसं वाटतंय, इकडे बघ" म्हणत चौघांनी चार दिशांनी बोलावलं की डोकं फिरतं आणि पुढची उलटी येते.

तोंडात सध्या काही नाही. पाणी, साखर, सरबत, गोळी, काहीच नाही. टप्पा ४ होईपर्यंत थांबा. कांदा आणि चप्पल हुंगवून काहीही साधत नाही, फक्त वेळ जातो.

## टप्पा ३: पाच मिनिटांत धोक्याच्या खुणा

सगळ्यात आधी घड्याळ बघा. हा माणूस शेवटचा व्यवस्थित कधी होता ती वेळ कागदावर लिहा. स्ट्रोक निघाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास याच वेळेपासून मोजतात. झोपेतून उठताना त्रास सुरू झाला असेल तर शेवटची वेळ म्हणजे रात्री नीट बोलून झोपला ती.

आता या गोष्टी एकेक करून बघा:

- बसणं आणि उभं राहणं. पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसता येतं का? दोन्ही बाजूंना माणसं ठेवून दोन पावलं टाकता येतात का? कानाच्या चक्करमध्ये माणूस एका बाजूला झुकतो, पण धरून-धरून चालतो. बसताच येत नाही, बाजूला कोसळतो, तर ती मेंदूची खूण समजा.
- दिसणं. एकाचे दोन दिसतात का? अर्धं दिसेनासं झालंय का?
- बोलणं, गिळणं, चेहरा. जीभ जड, आवाज घोगरा, थुंकीही गिळता येत नाही, तोंड वाकडं, चेहऱ्याच्या किंवा अंगाच्या एका बाजूला बधिरपणा.
- हात. दोन्ही हात समोर धरायला सांगा. मग स्वतःचं नाक आणि तुमचं बोट आळीपाळीने शिवायला सांगा. हात भरकटतो का?
- डोळे. समोर, उजवीकडे, डावीकडे बघायला सांगा आणि मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या. बुबुळं झटके देत असतील तर दिशा बघा. उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे, म्हणजे दिशा बदलणारे झटके, किंवा वर-खाली जाणारे झटके, हे मेंदूकडे बोट दाखवतात.
- डोकं आणि मान. आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं एकदम डोकं दुखतंय, मान मागून दुखतेय, डोक्याला मार लागलाय, किंवा ताप असून मान आखडलीय.
- छाती. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून थंड घाम, धाप, मध्येच शुद्ध हरपणं.
- कान. एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालंय.
- रक्त. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, डांबरासारखी काळी शी. दुखण्याच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांना हे हमखास विचारा.
- पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखतंय. गर्भ नळीत राहून ती फुटली असण्याची शक्यता असते. पोटात रक्तस्राव होतो. तासभरही थांबू नका.

यातली एक जरी खूण असली तर पुढचे टप्पे सोडा, १०८ ला फोन करा आणि सगळी सोय असलेलं रुग्णालय गाठा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "आधी एक सलाईन लावून बघू" हा मुक्काम घेऊ नका. रुग्णवाहिका येईपर्यंत एक काम तेवढं करा: माणूस साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर साखर मोजून घ्या.

> सावध: "दोन्ही हात वर होतात, बोलणं स्पष्ट आहे, म्हणजे स्ट्रोक नाही" हा समज सगळ्यात घातक. लहान मेंदूच्या, म्हणजे मेंदूच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागाच्या स्ट्रोकमध्ये हातापायांत जोर असतो, बोलणंही नीट असू शकतं. दिसते ती चक्कर, उलटी आणि चालताना जाणारा तोल, एवढंच.

> सावध: हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांना आणि मधुमेह्यांना छातीत दुखेलच असं नाही. घाम, मळमळ, चक्कर आणि पोटाच्या वरच्या भागात जडपणा असला की घरात "गॅस झालाय" असं म्हटलं जातं. ईसीजी काढल्याशिवाय तो गॅस मानू नका.

## टप्पा ४: मोजमाप

धोक्याची एकही खूण नाही, मग मोजायला बसा. आधी साखर, नंतर बीपी आणि नाडी. घरोघरी उलटं होतं. बीपीच्या मशीनशी दहा मिनिटं झटापट चालते आणि साखर कुणी बघतच नाही.

साखर. ७० मिग्रॅच्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून घोट-घोट द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. वर आली की लगेच चार घास जेवण. पेशंट गुंगीत असेल किंवा उलटीमुळे पोटात काही ठरतच नसेल तर तोंडात काही न घालता १०८. आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर वर आली तरी रुग्णालयात न्या. या गोळ्या कित्येक तास साखर पुन्हा-पुन्हा खाली ओढतात.

साखर ३०० च्या वर आणि उलट्या चालू, हेही रुग्णालयाचंच काम. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने "खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला" म्हणत ते परस्पर बंद करायचं नाही. किती घ्यायचं ते डॉक्टरला फोन करून विचारा.

बीपी. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा. उभं राहता येत असेल तर एकाने धरून उभं करा आणि एक मिनिटाने, मग तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय. शरीरात पाणी कमी आहे, किंवा बीपीची नाहीतर प्रोस्टेटची एखादी गोळी जास्त होतेय.

> सावध: उलट्या होणाऱ्या, घाबरलेल्या माणसाचं बीपी १७०-१८० दाखवणं यात नवल नाही. बहुतेकदा ते चक्करचा परिणाम असतं, कारण नव्हे. बीपीची जादा गोळी नको, जिभेखाली कॅप्सूल फोडणं तर मुळीच नको. स्ट्रोक असेल तर एकदम उतरवलेलं बीपी मेंदूचं नुकसान वाढवतं.

नाडी. मिनिटाला ५० च्या खाली, १२० च्या वर किंवा ठोके चुकत असतील तर आजच ईसीजी.

## टप्पा ५: "कशी चक्कर" विचारू नका, "किती वेळ" विचारा

गरगरतंय, अंधारी येतेय, भोवळ आली, डोकं हलकं झालं. पेशंटचं वर्णन दर दहा मिनिटांनी बदलतं आणि त्यावरून कारण धरायला गेलं की फसायला होतं. वेळ आणि निमित्त मात्र सहसा बदलत नाहीत. डॉक्टरला त्यावरूनच खरी दिशा मिळते. कागदावर असं काहीसं लिहिलेलं असलं तरी पुरे:

*पहाटे ५.४०: डाव्या कुशीवर वळल्यावर खोली फिरली. अर्ध्या मिनिटात थांबली. एक उलटी.*
*५.५५: उठून बसताना पुन्हा, तेवढाच वेळ.*
*६.१०: सरळ पडून असताना काही नाही. कानात आवाज नाही. डोकं दुखत नाही.*
*साखर ११२, बीपी १४८/८६, नाडी ८४.*
*कालपासून नवीन औषध: नाही. मागच्या आठवड्यात सर्दी: होती.*

## टप्पा ६: घड्याळावरून कारणाचा अंदाज

एका मिनिटाच्या आत थांबते, डोकं हलवलं की येते. कूस बदलणं, उठून बसणं, माळ्यावरचा डबा काढायला वर बघणं, ही नेहमीची निमित्तं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत उतरतात आणि बाटलीच्या तळाला बसलेल्या वाळूसारखे, डोकं हललं की सरकतात. कान "आपण फिरतोय" असं कळवतो, डोळे "नाही" म्हणतात, आणि त्या गोंधळात उलटी होते. चक्कर अर्ध्या मिनिटाची असते, पण मळमळ तासभर रेंगाळते, म्हणून पेशंट "सकाळपासून सारखी चक्कर आहे" असं सांगतो. खोदून विचारा: अगदी न हलता पडून राहिलं तर फिरतं का? पन्नाशीनंतर, डोक्याला मार लागल्यावर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर हा त्रास जास्त दिसतो. याला गोळ्यांची गरज सहसा लागत नाही. उपाय टप्पा ८ मध्ये.

तासन्‌तास, दिवस-दिवस, न थांबता. डोकं न हलवताही खोली फिरते, उलट्या होतात, ऐकू मात्र नीट येतं. आठ-पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेलेला असू शकतो. ही तोलाच्या नसेची सूज असण्याची शक्यता मोठी. पण लहान मेंदूचा स्ट्रोक हुबेहूब असाच दिसतो आणि दोन्ही वेगळे करणं घरच्यांचं काम नाही. न थांबणारी नवी चक्कर ही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायची, धोक्याची खूण दिसो वा न दिसो. वय जास्त, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ताबडतोब.

वीस मिनिटं ते अर्धा दिवस, पुन्हा-पुन्हा. एका कानात दडा, गुणगुण, कमी-जास्त होणारं ऐकू येणं सोबत असेल तर मेनियर नावाचा आतल्या कानाचा आजार. मिठावर आवर आणि कानाची तपासणी हवी. अर्धशिशीचा जुना इतिहास, उजेड-आवाज नकोसा होणं, मग डोकं दुखो वा न दुखो, तर मायग्रेनची चक्कर. तरुण बायकांमध्ये ही बरीच आढळते आणि "अशक्तपणा" म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकवर काढली जाते.

उभं राहिल्यावर अंधारी, आडवं झालं की बरं. जुलाब, ऊन, उपास, रक्त कमी होणं, औषधांची मात्रा. निर्जळी उपासाच्या दिवशी बीपीच्या गोळ्या तशाच घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सुपारी किंवा तंबाखू लागली तर घाम, धडधड आणि गरगर मिनिटाभरात सुरू होते. थुंकून टाका, चूळ भरा, आडवं व्हा; अर्ध्या तासात उतरली नाही किंवा छातीत दुखलं तर ईसीजी.

आणि मानेचे मणके. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांची दिसते. ती दिसली म्हणून चक्करचं कारण सापडलं असं होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की चक्करसाठी गळ्यात पट्टा बांधून घेण्याआधी कुणीतरी कान तपासलाय का, हे पेशंटने विचारलंच पाहिजे.

## टप्पा ७: घरी काळजी

हा टप्पा फक्त अशा माणसासाठी ज्याच्यात धोक्याची खूण नाही, साखर-बीपी ठीक आहे आणि चक्कर थांबून-थांबून येते.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं पोट रिकामं ठेवा. मग ओआरएस, एक-दोन मिनिटांनी एक चमचा. पेला तोंडाला लावून गटागट प्यायलं की सगळं परत येतं, आणि मग "पाणीही ठरत नाही" असा निष्कर्ष निघतो. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सुरीने सपाट करा, शीग नको. हे पाणी २४ तासांनी ओतून टाका. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरला विचारून ठरवा.

मळमळ शमली की पेज, मऊ भात, मेतकूट-भात. चहा-कॉफी दिवसभर नको.

> तपासणी: सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी, किंवा बारा तास चमचाभरही ठरलं नाही, तर सलाईनची खरीच गरज आहे. रुग्णालयात न्या.

चक्करच्या गोळ्यांबद्दल. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही औषधं डॉक्टरच्या सल्ल्याने पहिले दोन-तीन दिवस मळमळ आवरायला ठीक. त्यापुढे नकोत, कारण मेंदूला नव्याने तोल शिकायचा असतो आणि या गोळ्या ते शिकणं लांबवतात. म्हाताऱ्या माणसांनी त्या महिनोन्‌महिने खाल्ल्या की हात कापणं, अंग ताठणं, चाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रास सुरू होतो आणि मग त्याच्यावर आणखी गोळ्या. मेडिकलवाल्याकडून जुनी चिठ्ठी दाखवून ही पाकिटं भरून आणणं थांबवा.

## टप्पा ८: खडे जागेवर आणायची कृती

अमेरिकन कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी शोधलेली ही कृती कूस बदलताना येणाऱ्या चक्करवर एक-दोन बैठकांत बहुतेकांना बरं करते. पहिल्यांदा ती कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, कारण खडे कोणत्या कानात आणि कोणत्या नळीत आहेत ते आधी तपासावं लागतं. मानेचं गंभीर दुखणं, मानेच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा डोळ्याच्या पडद्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर घरी मुळीच नको. पुढे त्रास उलटला आणि डॉक्टरने घरी करायला सांगितलं, तर उजव्या कानासाठी क्रम असा:

१. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. मान ४५ अंश उजवीकडे वळवा.

२. मान तशीच ठेवून पटकन उताणे व्हा. खांदे उशीवर, डोकं मागे किंचित लोंबतं. चक्कर येईल, येऊ द्या. ती थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद, थांबा.

३. डोकं न उचलता मान ९० अंश डावीकडे फिरवा. ३० सेकंद.

४. आता अख्खं अंग डाव्या कुशीवर घ्या, नाक जमिनीच्या दिशेला. ३० सेकंद.

५. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने हळूच उठून बसा. दोन मिनिटं बसूनच राहा.

डाव्या कानासाठी सगळ्या दिशा उलट. शेजारी कुणीतरी हवंच, आणि पोट भरलेलं नको. लोक चुकतात ते दुसऱ्या पायरीत: चक्कर आली की घाबरून उठून बसतात, आणि खडे होते तिथेच राहतात. नंतर रात्रभर बसून झोपायची किंवा पट्टा बांधायची गरज नाही.

> सावध: कृती करताना एकाचे दोन दिसले, हात बधिर झाला किंवा जीभ जड वाटली तर लगेच थांबा आणि टप्पा ३ वर जा.

## टप्पा ९: डॉक्टरकडे

टप्पा ५ चा कागद, डोळ्यांचा व्हिडिओ, औषधांचे फोटो सोबत घ्या. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, दुचाकीवर मागे बसायचंही नाही. सोबत पिशव्या आणि पाणी.

सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे थोडं थांबा. सीटीत रक्तस्राव लगेच दिसतो, पण मेंदूच्या मागच्या भागातला गुठळीचा स्ट्रोक सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयदेखील कधीकधी चुकवतो. म्हणून न थांबणारी चक्कर असेल तर विचारा: डोळ्यांची हालचाल आणि डोक्याला झटका देऊन करायची तपासणी झाली का? चालवून बघितलं का? मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं का? विचारायला संकोच करू नका.

स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिनची इंजेक्शनं चालू असतील किंवा नुकती संपली असतील तर हे आपणहून सांगा, ती आतल्या कानाला इजा करतात. फिटच्या गोळ्यांची मात्रा जास्त झाली तरी तोल जातो.

## टप्पा १०: पुढचे पंधरा दिवस

उलट्या थांबल्या की दुसऱ्या दिवसापासून चालायला लागा, आधी घरात भिंतीलगत, मग कुणाच्या तरी सोबत अंगणात. आठवडाभर अंथरुणात पडून राहिल्याने तोल लवकर येत नाही, उशिराच येतो. नसेची सूज निघाली असेल तर व्यायाम सोपा आहे: हाताच्या अंतरावर अंगठा धरा, नजर त्यावर रोखा आणि डोकं "नाही-नाही" म्हणताना हलवतो तसं डावी-उजवीकडे हलवा, सुरुवातीला हळू. अर्धा मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. थोडं गरगरणार, तेवढं सोसायचं.

अंघोळीला बाथरूमची कडी लावू नका, स्टुलावर बसून करा. रात्री लघवीला उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसा, दिवा लावा, मग उभे राहा. शिडी, गच्चीचा कठडा, विहिरीचा काठ, पोहणं आणि गाडी चालवणं हे पूर्ण बरं वाटून डॉक्टरने हो म्हणेपर्यंत बंद. टप्पा ३ मधली कुठलीही खूण या पंधरा दिवसांत नव्याने दिसली तर आधीच्या रिपोर्टवर विसंबू नका. वेळ लिहा आणि निघा.